सोमवारी बंद

शनिवार, फरवर्दी, १३५१ फसली

मनातलं बोलायला घरात माणूस एकच, आणि सध्या राग त्याच्यावरच. म्हणून आजपासून वहीत लिहिणार. बार्शीला मावशीकडं राहून मराठी चौथी झाले, त्याचा एवढा तरी उपयोग व्हावा. महिने मात्र इथल्या निजाम सरकारच्या फसली सालाचे.

आज आमच्या दारासमोर तरक्की आली. तरक्की म्हणजे किल्ल्याच्या खंदकाकडच्या सरकारी जागेत पत्र्याची एक शेड, आत नव्या तऱ्हेचा एक घाणा आणि दारावर उर्दूत पाटी. उस्मानाबादेला तरक्की कमेटी म्हणून काहीतरी निघालंय. पैसा सरकारचा. तो कुठल्या गावात कुठल्या धंद्याला लावायचा ते कमेटी ठरवणार. निम्मे मेंबर हुद्देदार, निम्मे तालुक्यातले शेठ. वाशीच्या वाट्याला म्हणे घोंगड्या आल्या, आणि आमच्या परंड्याच्या वाट्याला हा 'नमुन्याचा घाणा'. साल संपेपर्यंत, म्हणजे आबान महिना सरेपर्यंत, तो इथं चालवून बघायचा. कमेटीचा साहेब मधून मधून येऊन मुआयना, म्हणजे तपासणी करणार. तीन मुआयन्यांत चालू दिसला तर घाणा परंड्याला कायमचा, आणि पुढच्या सालापासून गावातल्या एकेका तेल्याच्या अंगणात तसलाच एक. बंद दिसला तर उचलून दुसऱ्या गावाला.

ज्यांच्या सात पिढ्यांनी तेल काढलं त्यांना आता कमेटी तेल काढायला शिकवणार. सगळे उंटावरचे शहाणे.

आणि शिकायला पहिला कोण गेला? आमचेच मालक. साहेबांनी गावातले सगळे तेली बोलावून विचारलं, हा घाणा कोण चालवील? बाकीचे एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसले आणि हा माणूस उठून उभा राहिला. मला विचारलं सुद्धा नाही. घरचा धनी पगारी झाला, आणि घरी येऊन लग्न ठरल्यासारखा हसत होता. सरकारी बैल अजून मंजूर नाही, तोवर आमचा नंद्याच तिकडं जुंपायचा म्हणे. मग अंगणातला आपला घाणा कोण ओढणार, मी? असं विचारलं तर म्हणाले, थोडे दिवस कळ काढ. कळ काढायला मी, आणि तरक्कीला सरकार.

रविवार, फरवर्दी

साहेब जायच्या आधी आमच्या अंगणात आला. फकरुद्दीन साहेब, हैदराबाद शहरातला, बूट असे की त्यांत तोंड बघावं. आमच्या डब्यातल्या तेलात बोट घातलं, हुंगलं, आणि मालकांना म्हणाला, साफ नहीं है. त्याला वाटलं बाईमाणसाला काय कळतंय. माझं लहानपण आळंदला गेलं, शेजारी सगळी मुसलमानांची घरं, दख्खनी मला मराठीइतकीच येते. अंगाचा तिळपापड झाला. माझ्या सासूच्या हातचा तो डबा, गावातल्या दिव्यांना आणि पोरांच्या टाळूला त्यातलं तेल गेलंय, आणि हा बोट पुसतोय रुमालाला.

मालक नुसते हो साब, हो साब. त्या क्षणी मी ठरवलं की ही तरक्की इथून घालवल्याशिवाय मी राहणार नाही.

शेडची एक किल्ली मालकांकडं, दुसरी माझ्याकडं ठेवलीय, कारण आमचं घर समोरच. साहेबानं सुट्टीचा वार विचारला नाही, आपणच सांगितला. जुम्मे को छुट्टी, सरकारी कायदा. आता सोमवारी बसवण्णाचा वार, त्या दिवशी लिंगायताच्या घरी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, हे त्याला कुणी सांगितलं नाही. सुचलंच नाही कुणाला. सूर्य पूर्वेला उगवतो हे कुणी मुद्दाम साहेबाला सांगायला जातं का?

गुरुवार, उर्दीबेहिश्त

भूमहून महांतप्पा आला होता. माझा मामेभाऊ, तिथला मोठा शेठ, आणि तरक्की कमेटीचा बिनसरकारी मेंबर. माझ्यापेक्षा लहान, अजून अक्का म्हणतो. माहेरचं माणूस बघून जीव भरून आला. भाकरी, शेंगाची चटणी, वर गूळ-तूप वाढलं आणि मनातली सगळी जळजळ त्याच्यापुढं ओकले. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. कमेटीतही तसंच असतं म्हणाला. वरून पैसा येतो, तो साल संपायच्या आत कुठंतरी लावावाच लागतो, नाहीतर परत जातो आणि साहेबाला वरून बोलणी बसतात. म्हणून साहेबाला घाई. कुठल्या गावाचं भलं झालं हे पुढचं पुढं.

मग विचारलं, दाजी सोमवारी अजून मठात जातात का? म्हटलं, न चुकता. नंद्याला धुऊन कुंकू लावायचं, दावणीला वैरण टाकायची आणि पायी मठात. दिवस मावळल्यावर घरी. महांतप्पाला लई बरं वाटलं. हल्ली कोण पाळतंय एवढं, म्हणाला.

तोही धर्माचा पक्का. घरच्या गाईंसाठी पत्र्याचा मोठा गोठा बांधतोय. लढाईच्या दिवसांत पत्रा मिळत नाही, ह्यानं कुठून मिळवला देव जाणे. गाई नशीबवान.

सोमवार, खुर्दाद

आज पहिला मुआयना झाला आणि बसवण्णानं माझं ऐकलं.

दुपारी मकबूलचा टांगा शेडपाशी थांबला. साहेब उतरला, मागून महांतप्पा. साहेब शनिवारी उस्मानाबादहून निघाला, रविवारी भूमला महांतप्पाच्या घरी उतरला, आणि आज इकडं. महांतप्पाकडं स्वतःची दमणी आहे, खिलारी जोडी आहे, पण सोमवार म्हणून बैल घरी ठेवले आणि घोड्याच्या टांग्यातून आला. मेंबर झाला तरी धर्म सोडला नाही.

शेडला कुलूप. मालक मठात. साहेबानं घड्याळ बघितलं, कुलूप बघितलं, मग माझ्याकडं वळून विचारलं, क्यों बंद है?

मी पदर पुढं ओढून मराठीत सांगितलं, "आज सोमवार आहे."

साहेबाला काही उमगलं नाही. सोमवार म्हणजे पीर एवढं कळलं असेल, पण सोमवार असला म्हणून काय? तो महांतप्पाकडं बघायला लागला. महांतप्पा हसून त्याला उर्दूत म्हणाला, बाई म्हणते की आठवड्याची आत्ता कुठं सुरुवात आहे, लागतील हळूहळू कामाला.

मला सगळं कळलं. हसू दाबताना पोटात दुखलं. माझ्या मनातलं ओळखून भावानं माझीच बाजू घेतली, आणि मला खोटं बोलावं लागलं नाही. साहेबाचं तोंड एवढंसं झालं. जुम्म्यालाही सुट्टी आणि पीरलाही, वा, म्हणाला आणि कागदावर काहीतरी खरडून गेला.

संध्याकाळी मालक आले. मुआयना झाला म्हटल्यावर पाय धुवायचेसुद्धा राहिले. विचारलं, सोमवार हाय म्हणून सांगितलंस न्हवं? म्हटलं, सांगितलं. मग हरकत न्हाय, म्हणाले आणि पोटभर जेवले. मी सांगितलं होतंच की. शब्द न शब्द खरा.

मंगळवार, खुर्दाद

शेजारची हमिदाबी करडई घेऊन आली होती. तिनं काल भिंतीपलीकडून सगळं ऐकलं. ही बाई नमाज चुकवील पण भिंत चुकवणार नाही. मला म्हणाली, गिरिजा, साहेबाला सरळ सांगायचं, जैसा हमारा जुम्मा वैसा तुम्हारा पीर. एवढ्यात समजला असता तो. म्हटलं, समजायचं असतं तर समजला असता. तर म्हणते, "दुसऱ्याला अपशकुन व्हावा म्हणून स्वतःचं नाक कापू नगं बाई."

तिची करडई मी घरच्या घाण्यावर घेतली असती तर बरं झालं असतं. पण घेणार तरी कशी? नंद्या शेडमध्ये. ती करडईची पाटी उचलून समोर तरक्कीकडं गेली आणि तासाभरात डबा भरून परत आली.

बुधवार, तीर

खोटं कशाला लिहू. मालक शेडमधलं तेल वाटीत घेऊन आले होते, ते गेल्यावर मी चाखून बघितलं. चांगलं आहे. पिवळंधमक, तळाला गाळ नाही. आणि पेंड अशी कोरडी की म्हशीसुद्धा तोंड वाकडं करतील.

मालक दुबळे झालेत की तरुण झालेत तेच कळत नाही. सकाळी उठून गाणं गुणगुणतात. लग्नाला इतकी वर्षं झाली, मूलबाळ झालं नाही त्याचं दुःख दोघांनी गिळलं, पण घाणा हाकताना हा माणूस कधी गायला नव्हता. आज म्हणाले, आबान सरला की पहिला घाणा आपल्या अंगणात मागणार हाय. मग मी पुन्हा घरातच.

मी म्हटलं, कमेटी लोकांच्या अंगणातलं नेत असेल, आणून ठेवल्याचं कुणी ऐकलंय का? उठून शेडकडं गेले. मला वाईट वाटलं, पण त्यांना दिसू दिलं नाही.

सोमवार, अमर्दाद

दुसरा मुआयना. पुन्हा सोमवारच, पुन्हा मकबूलचा टांगा, पुन्हा महांतप्पा. मालकांनी मागच्या महिन्यात महांतप्पाला माणूस पाठवून निरोप दिला होता, की साहेबाला मंगळवारी आणा. महांतप्पानं उलट निरोप दिला, मी बघतो, दाजींनी चिंता करू नये. बिचाऱ्याचं साहेबापुढं चाललं नसेल. हुद्देदार कुणाचं ऐकतात होय!

आज साहेब जरा नरम होता. उन्हानं तोंड लाल झालेलं. मी पाणी दिलं, लोटा वरून धरून. पिऊन झाल्यावर विचारलं, बैल बीमार है क्या? मी दख्खनीत म्हटलं, बैल अच्छा है. आदमी बीमार है? आदमी भी अच्छा है. फिर? मी जमिनीकडं बघत उभी राहिले. मला दख्खनी येते हे बघून त्याला आनंद झाला होता, थोडा वेळ वाट बघत उभा राहिला. मग मान हलवून टांग्यात बसला.

महांतप्पा मागं रेंगाळला. अक्का, तू खरी आमच्या घराण्यातली, म्हणाला. मामीसाठी मी कुरडया बांधून दिल्या.

मालकांना म्हटलं, साहेबानं बैलाची चौकशी केली, तुमचीही केली. दोघं बरे आहेत असं सांगितलं. ऐकून मालक खूश. साहेब मनाचा चांगला हाय, म्हणाले. मी चुलीकडं तोंड केलं.

शनिवार, मेहर

आज घरात मोठं भांडण झालं. मालक म्हणाले, आपला लाकडी घाणा आता उपटून टाकू, आत फिरणारी लाकडाची लाट चिरून जळण करू, जागा मोकळी होईल. नव्या घाण्याला जागा लागंल.

माझ्या सासऱ्यांनी तो घाणा बसवला. मी नवरी होऊन आले तेव्हा उंबऱ्यानंतर दुसरा नमस्कार त्या घाण्याला केला. मी म्हटलं, आधी मला चिरा. ते म्हणाले, "गिरिजा, तुजा राग माझ्यावर हाय का घाण्यावर, ते एकदा ठरीव." आणि जेवण अर्धं टाकून शेडमध्ये झोपायला गेले.

राग कुणावर ते मी का ठरवू? राग राग आहे.

सोमवार, मेहर

तिसरा मुआयना झाला. हा शेवटचा होता.

मालक सकाळीच मठात गेले. जाताना एवढंच म्हणाले की आज कुणी आलं तर नीट सांग. शनिवारपासून आम्ही कामापुरतं बोलत होतो.

साहेब उतरला तो तडक माझ्या दारात आला. आज महांतप्पाला मागं ठेवलं त्यानं. हळू आवाजात, मला कळेल असं सावकाश बोलला. त्याचं म्हणणं असं की त्याच्या कागदात दोनच शब्दांना जागा आहे, चालू नाहीतर बंद. का बंद, ते लिहायला रकानाच नाही. दोनदा बंद लिहिलंय. आज तिसऱ्यांदा लिहिलं तर त्याच्या हातात काही उरत नाही. तेल त्यानं उस्मानाबादेत तपासून घेतलंय, जिल्ह्यात असं तेल नाही, हा घाणा इथंच राहावा असं त्यालाही वाटतं. मग म्हणाला, "कुलूप खोलो, बाई. बैल लाओ, एक चक्कर फिराओ. मैं चालू लिखता हूँ."

सोमवारी नंद्याच्या मानेवर जू? ते तर होणारच नव्हतं, त्यात माझा दोष नाही. पण ते का होणार नव्हतं, हे सांगायला मला किती वेळ लागला असता? हमिदाबीचं वाक्य जिभेवर होतं. जैसा हमारा जुम्मा. मला साहेबाच्या रुमालाला पुसलेलं बोट आठवलं. अंगणातला घाणा आठवला, शनिवारचं अर्धं ताट आठवलं. मी म्हटलं, नहीं होता.

क्यों, म्हणाला.

नहीं होता.

तेवढ्यात महांतप्पा पुढं आला आणि म्हणाला, साहेब, हट्टी लोक आहेत परंड्याचे, तुम्ही कशाला मन दुखवून घेता? भूमला जागा तयार आहे, पत्रा टाकलेला आहे, उद्या नेला तरी परवा चालू होईल.

साहेबानं टांग्याच्या पायरीवर टेकून लिहिलं. मी जिंकले.

भूमला पत्रा टाकलेली जागा कुठली ते मला समजलं नाही. तो तर गाईंसाठी होता.

गुरुवार, मेहर

हुकूम आला. नमुन्याचा घाणा परंड्याहून हलवून भूमला बसवावा, कारण परंड्याला तो चालत नाही. मालक हुकूम कुणाकुणाकडून वाचून घेत फिरले. ज्यानं वाचला त्यानं तेच सांगितलं. माझ्याकडं मात्र आणला नाही, आणि मला उर्दू वाचता येत नाही हेही खरं.

सोमवार सांगूनबी असं कसं केलं, असं स्वतःशीच बोलत होते. मी म्हटलं, सरकारच ते.

मंगळवार, आबान

घाणा आज गेला.

काल सरकारी गाड्या आणि महांतप्पाला घेऊन साहेब घाणा उचलायला येणार होता, पण वाटेतल्या ओढ्याला पाणी आलं आणि ते सगळे पलीकडच्या गावी अडकले. आले ते आज सकाळी. मंगळवारी.

शेड उघडी. नंद्या डोळ्यांना झापडं बांधून गोल फिरतोय, लाट करकरतेय, तेलाची धार पडतेय, दाराशी हमिदाबीसकट बाया पाट्या घेऊन ओळीनं बसलेल्या, आणि मालक घामानं निथळत पेंड खरवडताहेत. शेवटचं जेवढं काढता येईल तेवढं काढून घेऊ म्हणून पहाटेपासून लागले होते. साहेब दारातच थांबला. वासानंच त्याला कळलं असेल की हा घाणा आजचा सुरू झालेला नाही.

शिवप्पा, म्हणाला, हे काय?

मालक हात पुसत पुढं आले. त्यांची दख्खनी बाजारातली, मोडकी. पण आज नुसतं हो साब नव्हतं. "साब, रोज चालू है. पीर को बैल नहीं जोतते. बसवण्णा का वार. बाकी सब दिन चालू."

साहेब महांतप्पाकडं वळला. महांतप्पा गाडीच्या चाकातला चिखल काठीनं काढायला लागला होता, एवढ्या मन लावून की जणू त्यासाठीच आला. साहेबानं ते बघितलं. मग माझ्याकडं आला. मी दारात उभी होते. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

"बाई, आपको जबान आती है," म्हणाला. "एक लफ्ज बोल देते. मैं मंगल को आता."

सगळ्या बाया ऐकत होत्या. मालक ऐकत होते.

हुकूम आता फिरत नाही म्हणाला. सही झालीय, आबान सरत आला, पैसा भूमच्या नावे पडलाय, तो इथं आणायचा तर कमेटी पुन्हा बसायला हवी आणि तोवर साल संपून पैसाच परत जाईल. तरी त्यानं एक केलं. तिथंच कागद काढून लिहिलं की यापुढं तरक्कीच्या घाण्याला जुम्म्याऐवजी पीरची सुट्टी. ते आम्हा सगळ्यांना वाचून दाखवलं.

दुपारपर्यंत घाणा सुटा होऊन गाड्यांवर चढला.

बुधवार, आबान

काल रात्रीच्या भाकरीला मालकांनी हात लावला नाही. आज सकाळी विचारलं, "तू साहेबाला काय सांगितलं व्हतंस?"

मी म्हटलं, आज सोमवार आहे, असं.

"आनि?"

आणि काही नाही.

त्यांनी मान हलवली. ओरडले नाहीत. मग म्हणाले की भूमला तो घाणा कुणाला चालवता येत नाही, साहेबानं विचारलंय, मी जातो. नंद्यालाही नेतो, त्याला त्या घाण्याची सवय झालीय. मी विचारलं, आणि घर? "घराला कुलूप लावता येतं तुला," म्हणाले. "चांगलं येतं."

मी महांतप्पाला शिव्या घातल्या, साहेबाला घातल्या, कमेटीला घातल्या. ते धोतर घडी घालून पिशवीत भरत राहिले. जाताना सासऱ्यांच्या घाण्याला हात लावून नमस्कार केला. माझ्याकडं बघून म्हणाले, पेंड शिल्लक हाय, म्हशीला घाल.

सोमवार, आजूर, १३५२ फसली

नवं साल लागलं. आज भूमचा घाणा बंद, सुट्टी. मला वाटलं आज येतील. अंगण सारवलं, गव्हाची गोड हुग्गी केली. आमच्याकडं हुग्गी सणाला करतात, पण केली.

दुपारी मकबूलचा टांगा दिसला. मी पदर सावरत बाहेर आले. आत एकटा महांतप्पा. जागा भरपूर. अक्का बरी आहेस ना, म्हणाला. मी तोंड फिरवलं, तर कामाचं निमित्त करून कचेरीकडं चालता झाला. हमिदाबीनं मकबूलला गाठून विचारलं. तो म्हणाला, शिवप्पा पहाटे रस्त्यावर उभे होते, हातात तेलाची बरणी. शेठला म्हणाले, मला परंड्यापर्यंत घ्या. शेठ म्हणाले, घोडा दमलाय, जास्तीचं ओझं नको.

बरणी म्हणे अजून त्यांच्या हातातच होती, टांगा निघाला तेव्हा.

आता मी हे लिहून बघते, कारण डोक्यात नुसतं फिरतंय. सोमवारी ते मोकळे, पण सोमवारी भूममधला एक लिंगायत गाडी जुंपणार नाही. पायी निघाले तर दिवसभराची वाट, पोचतील तेव्हा परतायची वेळ, कारण मंगळवारी पहाटे घाणा चालू. मंगळवारी गाड्या चालतात, पण ते घाण्यावर. मी जावं म्हटलं तर मी मंगळवारी जाऊ शकते, म्हशीला हमिदाबी बघेल. पण तिथं जाऊन शेडच्या दारात उभं राहायचं, मालकांसमोर, आणि ते विचारणार, काय म्हणतेस?

काय म्हणते मी? मला करमत नाही, हे म्हणते. चुलीपुढं दोन पाट मांडले जातात, मग एक उचलते. महांतप्पाचं वाटोळं होवो. माझंही व्हायचं ते झालंच आहे.

गुरुवार, आजूर

आज कुठल्याशा खेड्यातली एक म्हातारी करडईचं गाठोडं घेऊन आली. वाट चुकून आमच्याच अंगणात शिरली, तरक्कीचा घाणा हलवल्याचं तिला माहीत नव्हतं. आमचा लाकडी घाणा उभा, लाटेवर धूळ, दावणीला बैल नाही. तिनं विचारलं, का गं माय, घाणा बंद का?

मी म्हटलं, आज सोमवार आहे.

तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि गाठोडं डोक्यावर घेत म्हणाली, न्हाय गं बाई, आज तर बेस्तरवार हाय.